तात्यांनी गप केलेला लॅपटॉप

रघुनाथ गायकवाड हे नाव आमच्या कारखान्यात फक्त हजेरीपुरतं होतं. एरवी लहानथोरांचे ते तात्या. त्यांनी मात्र कुणाला नावानं हाक मारल्याचं मला फारसं आठवत नाही. माणूस जे काम करील तेच त्याचं नाव. वेल्डिंग करणारा 'वेल्डर', कँटीनवाला 'चहा', आणि मी सामानाची खोली सांभाळत असल्यामुळं 'स्टोअर'. सांगलीहून कुपवाडला आम्ही त्यांच्याच मोटरसायकलवरून जायचो. सकाळी माझ्या दाराशी गाडी लावून ते सगळी गल्ली जागी होईल अशा आवाजात ओरडत, "अरं ए स्टोअर, चल की! नवरदेवागत किती नटतूयास?" हा माणूस आपल्या नवऱ्यावर कायम चिडलेला असतो, असं माझ्या बायकोला पहिलं वर्षभर वाटत होतं.

चिडलेले नसत, आवाजच तेवढा होता. पत्र्याच्या शेडमध्ये प्रेसच्या दणदणाटात उभी हयात गेलेला माणूस कुजबुजणार कसा? आमच्याकडं पत्रा कापायचे पॉवर प्रेस आहेत. पायाखालचं पेडल दाबलं की वरचा घण एकदा खाली येतो, पत्रा कापतो आणि वर जाऊन थांबतो. तो थांबला की कामगार हात घालून कापलेला तुकडा काढतो आणि नवा पत्रा सरकवतो. आतला क्लच झिजला तर मात्र घण थांबत नाही. पेडल न दाबता दुसऱ्यांदा खाली येतो. पण झिजलेला क्लच त्याआधी काही दिवस बारीक टिकटिक करतो, आणि ती टिकटिक ओळखणं हे फिटर म्हणून तात्यांचं काम होतं.

शिफ्ट सुरू होताना प्रत्येक प्रेस आधी रिकामाच फिरवायचा. तात्या लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग उजव्या हाताचा अंगठा वर. तो अंगठा वर गेल्याशिवाय एकही कामगार पत्र्याला हात लावत नसे, आणि मालक शेजारी उभे राहून घड्याळ बघत असले तरी चकार शब्द काढत नसत. ही पद्धत कुठल्या कागदावर नव्हती. तात्यांनी पाडली आणि पडली.

नम्रपणाचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतली माणसं, क्रिकेटचे पंच, यांतल्या कुणालाच आपल्या कामातलं काही कळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. माझ्या घरचा मिक्सर त्यांनी नुसता तळवा टेकवून "बेरिंग गेलंय" म्हणून सांगितलं आणि ते खरं निघालं. त्याच जोरावर त्यांनी माझ्या शेजाऱ्यांचा फ्रिज उघडला, आणि तो थेट भंगारात गेला. फ्रिजचा विषय काढला की म्हणायचे, "त्यो मराय टेकलाच हुता. मी फकस्त सोडवला." चालत्या कुठल्याही वस्तूवर तळवा ठेवायची त्यांना सवय होती. एसटीत बसले की पुढच्या दांडीवर, पिठाच्या गिरणीत गेले की पट्ट्याजवळच्या खांबावर. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांचं गाव. लहानपणी तिथं मशीन नव्हतं म्हणून आपण ओढ्याच्या पाण्यावर तळवा ठेवायचो, असं त्यांनी एकदा अगदी गंभीरपणे सांगितलं होतं. थाप असणार.

कंपनीनं कानात घालायचे बोळे वाटले तेव्हा आपल्या वाटणीचे त्यांनी माझ्या टेबलावर आणून आपटले. "कानात बोळं घालून मशीन आयकू? डोळं बांधून पोरगी बघाय गेलतास का तू?" त्यांचं एक वाक्य तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. कुणी मशीनबद्दल शंका काढली की ते म्हणत, "खोटं बोलाय तोंड लागतं रं. मशीनला तोंड न्हाई." अलीकडं त्यांचा हेकटपणा जरा वाढला होता, एवढं मात्र मला जाणवत होतं. रस्त्यात मागून ट्रक बोंबलत आला तरी मोटरसायकल बाजूला घ्यायचे नाहीत. मी पाठीवर थापा मारायचो तेव्हा कुठं सरकायचे, आणि वर मलाच भित्रा म्हणायचे.

सर्जेराव, म्हणजे आमचा सर्जा, हा प्रेसच्या रांगेतला सगळ्यात सावध कामगार. मिरजेच्या पुढून यायचा, कामाशी काम, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी त्याच्या प्रेसचा घण दुसऱ्यांदा खाली आला. उजव्या हाताची अंगठा सोडून सगळी बोटं गेली. मी धावत पोचलो तेव्हा तो ओरडत नव्हता. हात छातीशी धरून मशीनकडं बघत उभा होता. तात्यांनी त्याला उचलून गाडीत घातलं आणि दिवसभर ते दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून राहिले. इकडं मालकांनी बाहेरचा मिस्त्री बोलावून तो प्रेस दुरुस्त करून घेतला. सामान मिस्त्रीनं स्वतःचंच आणलं, माझ्याकडून काही गेलं नाही, त्यामुळं काय बदललं ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

चौकशीला बाहेरचे साहेब आले. सर्जा म्हणाला, "पेडलवर माझा पायच नव्हता." मालक म्हणाले, त्यानं घाईत दोनदा पेडल मारलं. साहेबांनी तात्यांना विचारलं. तात्या छाती काढून म्हणाले, "सकाळी मी सोता आयकलं हुतं. मशीन ठणठणीत हुतं." त्यांच्या कानाची कीर्ती साहेबांनाही कुणीतरी सांगितली असावी. चूक सर्जाची ठरली, त्याची भरपाई गेली आणि कामही गेलं. घरी येताना तात्या सगळ्या वाटेनं हळहळत होते. "पोरगं लय गुणाचं. पर पाय घसरला त्याचा. मशीनला तोंड न्हाई, स्टोअर." ते मनापासून बोलत होते, म्हणूनच मीही विश्वास ठेवला.

त्यानंतर काही महिन्यांनी लॅपटॉपचं प्रकरण झालं.

तात्यांना एकच मुलगी, स्नेहल. ती डिप्लोमाला होती आणि कॉम्प्युटरवर साच्यांचे आराखडे काढायला शिकत होती. त्याला दणकट मशीन लागतं म्हणून तिनं कुणाचा तरी वापरलेला गेमिंग लॅपटॉप घेतला होता. जाड, काळा, बटणांखाली लाल दिवे. त्यावर साचे किती निघत आणि मोटारींच्या शर्यती किती होत, ते तिचं तिला माहीत. पण तो तापायचा. पंखा इतका ओरडायचा की तात्यांच्या पत्नी, मालनकाकू, म्हणायच्या, "इमान उडवतीया बया घरात." आणि काम ऐन भरात आलं की लॅपटॉप आपोआप बंद पडायचा. वर्षाचा प्रोजेक्ट द्यायची तारीख तोंडावर आली होती.

स्नेहलनं सगळी माहिती काढली होती. लॅपटॉपच्या चिपवर तांब्याची पट्टी बसवलेली असते. ती चिपची उष्णता पंख्याकडं नेते. चिप आणि तांबं यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. काही वर्षांनी तो वाळून खडूसारखा होतो, मग उष्णता पुढं सरकतच नाही आणि पंखा उगीच जीव तोडून फिरत राहतो. जुनी पेस्ट पुसून नवी लावली की काम झालं. तिनं पेस्टची नळीही मागवून ठेवली होती. फक्त दुकानात नेऊन लावून घेते म्हणाली आणि तात्या उखडले. "मी जित्ता असताना माझ्या घरातलं मशीन दुकानात?"

रविवारी दुपारी ही शस्त्रक्रिया ठरली. मला प्रेक्षक म्हणून बोलावणं होतं. बुद्धाच्या तसबिरीखाली सतरंजी, सतरंजीवर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर लॅपटॉप पालथा. मालनकाकू मार्केट यार्डात हळद पॉलिश करायच्या गिरणीत कामाला जात, आणि त्यांच्या कपड्यांबरोबर घरात हळद येई. खालचं झाकण निघालं तर पंख्याच्या फटी पिवळ्याधमक. तात्या खूश झाले. "आरं तिच्या! लॅपटॉपला हळद लागली. पोरीच्या आदी ह्येचंच लगीन लागतंय!" स्नेहलनं नाक मुरडलं आणि ब्रशनं धूळ झाडायला घेतली. तात्यांनी तांब्याची पट्टी उचलली, खालची खडू झालेली पेस्ट कापडानं पुसली आणि नव्या पेस्टची नळी डोळ्यांजवळ धरली.

"एवढुशी? ह्यात दात बी घासून हुयाचं न्हाईत."

ती नळी बाजूला ठेवून त्यांनी खिशातून डबी काढली. कारखान्यात रंगाच्या भट्टीतल्या साखळीला आम्ही जे ग्रीस लावतो, ते.

"तात्या, ते नको," स्नेहल म्हणाली. "ग्रीस ताप सोसतंय, पण पुढं नेत नाही. आपल्याला नेणारं पाहिजे."

"भट्टीत रंग भाजून निघतो तरी ह्ये वितळत न्हाई. तुझी चिप काय भट्टीपरास तापती व्हय गं?"

बेरिंगमध्ये भरावं तसं त्यांनी बोटानं भरपूर ग्रीस भरलं, पट्टी बसवली, स्क्रू आवळले. स्नेहलनं नाइलाजानं लॅपटॉप सुरू केला आणि मोटारींची शर्यत लावली. थोड्याच वेळात पंखा बोलायला लागला. आधी घरघरला, मग चढत चढत असा किंचाळला की आतल्या खोलीतून मालनकाकू हात पुसत बाहेर आल्या. पूर्वी तो एवढा कधीच ओरडला नव्हता.

तात्या मांडी घालून बसले होते. मान जरा तिरकी, डोळे मिटलेले. त्यांनी अंगठा वर केला.

"बघ! झाला का न्हाई गप?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा बघून मिटलं. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, नुसतं समाधान होतं. स्नेहलनं आईकडं पाहिलं. आईनं मान खाली घातली. मग स्नेहल मोठ्यानं म्हणाली, "व्हय तात्या. गप झाला."

शाबासकी द्यावी तसा तात्यांनी लॅपटॉपवर तळवा ठेवला, आणि तो तिथंच राहिला. कानाला जे कळलं नव्हतं ते तळव्याला कळत असणार, कारण त्यांचे डोळे उघडले. ते एकेकाच्या तोंडाकडं बघू लागले. त्यांनी वर्तमानपत्राची एक बारीक पट्टी फाडली आणि लॅपटॉपच्या कडेला, गरम हवा बाहेर पडते तिथं धरली. कागद फडफडायला लागला. ते तो कागद बराच वेळ तसाच धरून बसले. मागून ट्रक आला तरी ते मोटरसायकल बाजूला का घेत नसत, ते मला तिथं बसल्या बसल्या समजलं. समोरच्याचं बोलणं ते नकळत त्याच्या ओठांवरून ओळखत आले असणार.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

मालनकाकूंनी त्यांच्यासमोर येऊन, तोंड दिसेल असं बसून सांगितलं, "दिवाळीच्या आदीपासनं. कुकरची शिट्टी कळंना झाली तुमास्नी, तवाच म्या वळखलं."

"आन बोलली न्हाईस?"

"बोलून काय हुणार हुतं? दुसऱ्या दिशी घरी बशिवलं असतं तुमाला. पोरीचं शिक्षान अर्ध्यावर हाय."

तात्यांनी कागद खाली ठेवला. मग ते हळू आवाजात बोलले, आणि तात्या हळू बोलू शकतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"दिवाळीच्या आदी. सर्जाचा हात दिवाळी झाल्यावर गेला."

पंखा ओरडतच होता. स्नेहलनं लॅपटॉप बंद केला तेव्हा तात्या म्हणाले, "पूस त्ये ग्रीस. तुझी नळी लाव." तिनं स्पिरिटनं चिप स्वच्छ केली आणि तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवली. तात्यांनी मुकाट्यानं टॉर्चचा उजेड धरला. पुन्हा तीच शर्यत लावली. या वेळी पंखा नुसता श्वास घेतल्यासारखा फिरत राहिला, आणि रस्त्यावरून चाललेल्या भाजीवाल्याची आरोळी आम्हाला ऐकू आली. म्हणजे तिघांना.

"आता गप हाय?"

"व्हय तात्या."

ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. "आता तुमच्यावर इस्वास ठिवायचा, दुसरं काय," असं म्हणून ते उठले आणि गच्चीवर गेले. माझा चहा तसाच राहिला.

सोमवारी त्यांनी मोटरसायकलची किल्ली माझ्या हातात दिली. "आजपासनं तू चालव." कारखान्यात प्रेस रिकामे फिरत होते आणि कामगार त्यांच्या अंगठ्याची वाट बघत उभे होते. तात्या रांगेच्या मधोमध गेले, हात पाठीमागं बांधले आणि त्या दणदणाटातही शेवटच्या माणसाला कळेल अशा आवाजात म्हणाले, "समदी मशीनं बंद करा. क्लच उघडून बघा. मला आयकाय येत न्हाई."

पहिल्यांदा हशा पिकला. तात्या तसेच उभे राहिले, तेव्हा एकेक प्रेस बंद होत गेला. क्लच उघडल्याशिवाय काम करायचं नाही असं कामगारांनी तिथंच ठरवलं. मालकांना तोंड वाकडं करून का होईना उघडावे लागले, आणि आणखी एक झिजलेला निघाला. त्या मशीनवरचा माणूस नुसता आपल्या दोन्ही हातांकडं बघत होता.

मालकांनी तात्यांना केबिनमध्ये घेतलं. किल्ल्या द्यायला म्हणून मीही आत होतो. मालकांनी आवाज खाली आणला. "तात्या, झालं ते झालं. तुम्ही स्टोअरला बसा, पगार तोच राहील. फक्त सर्जाचं उकरून काढू नका. ते मिटलंय."

"तोंड हिकडं करून बोला, आयकाय येत न्हाई," तात्या म्हणाले. तेव्हा मालकांना तेच सगळं ओरडून सांगावं लागलं, आणि बाहेरच्या कारकुनांनाही ते स्पष्ट ऐकू गेलं.

"मिटलं कसं? मी खोटी साक्ष दिलीया."

"अहो, तुम्ही मुद्दाम थोडीच दिली?"

"मुद्दाम दिली आसती, तर मला ठावं तरी आसतं."

संध्याकाळी त्यांना कामावरून कमी केल्याचं सांगण्यात आलं. मी घरी सोडायला गेलो तर मालनकाकू दारातच कडाडल्या, "आता पोरीची फी कोण भरणार? तुमचा कान?" बोलताना त्या रडत होत्या. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तात्या चप्पल काढून गुपचूप आत गेले. ऐकू आलं नाही की ऐकून गेले, कुणास ठाऊक.

त्याच आठवड्यात मी त्यांना सर्जाकडं घेऊन गेलो. सर्जा अंगणात बसून डाव्या हातानं शेळीचं दावं बांधायची खटपट करत होता. आम्हाला बघून त्यानं उजवा हात टॉवेलखाली घेतला. तात्या बसले नाहीत. उन्हात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, लॅपटॉपपासून केबिनपर्यंत. आणि आपण पुन्हा साक्ष देणार, असं सांगितलं. माफी मात्र मागितली नाही. माफीनं भरून निघण्याजोगी गोष्टच नव्हती ती, हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं.

सर्जा मान वर न करता, दाव्याकडं बघत काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणला?" तात्यांनी मला विचारलं.

मला ते बोलवेना. तात्यांनी माझा दंड धरला. "खोटं सांगू नगंस. घरात लय झालं त्ये."

मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो, "त्या दिवशी सकाळी टिकटिक त्यानं ऐकली होती! तुम्ही अंगठा वर केलात, म्हणून त्यानं हात घातला!"

माझ्या ओरडण्यानं सर्जाची म्हातारी आई घाबरून बाहेर आली. शेजारच्या घरातूनही कुणी डोकावलं. एकाच्या दुखण्याची अशी दवंडी पिटताना मला जी लाज वाटली तशी आयुष्यात कधी वाटलेली नाही. तात्यांनी दोनदा मान हलवली. "बराबर हाय," ते म्हणाले. "बराबर हाय त्याचं." सर्जानं चहा विचारला नाही आणि आम्ही निघालो.

स्नेहलचा प्रोजेक्ट वेळेवर गेला, पण पुढच्या वर्षाची फी काही भरता आली नाही. ती आता सांगलीत एका दुकानात लॅपटॉप दुरुस्त करते. दिवसभर लोकांची तापलेली मशीनं उघडून पेस्ट लावत असते. मालनकाकू तिच्याजवळ असतात, तात्या गावी मेढ्याला भावाकडं राहतात. सर्जाचा दावा पुन्हा उभा राहिलाय; निकाल अजून नाही. तारीख असली की तात्या एसटीनं सांगलीला येतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अशाच एका तारखेला. मी मालकांना घरचं लग्न सांगून रजा टाकली होती. कंपनीच्या वकिलांनी प्रश्न विचारला, तो तात्यांना तीनदा सांगावा लागला, आणि मागच्या बाजूला कुणीतरी फिस्कन हसलं. प्रश्न असा होता, की तुम्हाला ऐकू येत नाही, मग मशीन खराब होतं हे तुम्ही कशावरून म्हणता?

तात्या म्हणाले, "मशीन चांगलं हुतं, ह्ये तरी मी कशावरनं म्हणलं हुतं? तवा कुणी इचारलं न्हाई."

वकील कागद चाळायला लागले. थोडा वेळ बाहेर थांबा, परत बोलावतो, असं न्यायाधीशांनी तात्यांना खुणेनं सांगितलं. बाहेर बाकावर सर्जा बसला होता. तात्या आले तसा तो थोडा सरकला आणि त्यानं शेजारी जागा केली. तात्यांनी ती जागा पाहिली, सर्जाकडंही पाहिलं, पण बसले नाहीत. ते समोरच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि पुकारा झालेला कळावा म्हणून दारातल्या शिपायाच्या ओठांकडं एकटक बघत राहिले.